चैनलालच्या मारुतीचं डावं चाक

आमगावहून देवरीकडे जाताना वाटेत एक फाटा लागतो. त्या फाट्यानं आत गेलं की जे गाव येतं, तिथं चैनलाल पटले राहायचा. पोवार समाजाचा माणूस, पिढीजात धानाचा शेतकरी, अंगानं काटकुळा, आणि बोलण्यात इतका कंजूष की समोरच्यालाच कंटाळून त्याचं वाक्य पुरं करावं लागायचं. गावात त्याची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. कोणतंही यंत्र बंद पडलं की ते खोलून पाहिल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. आता खोललेलं सगळं तो परत जोडायचा, असं मात्र गावात कोणी म्हणणार नाही. शेजारच्या दुलीचंदचा फवारणीचा पंप त्यानं मोठ्या हौसेनं खोलला होता, तो अजून पोत्यात आहे. पण डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, धानाची उफणणी करायचा पंखा, यांच्याशी त्याचं जमायचं. माणसांपेक्षा जास्त जमायचं, असं त्याची बायको जमुना म्हणायची, आणि तिला ते म्हणायचा हक्क होता.

नव्याण्णव साली त्यानं गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याची वापरलेली मारुती विकत घेतली. पांढरी, छोटी, मागच्या काचेवर शुभ-लाभ लिहिलेली. जमुनानं आधी घर डोक्यावर घेतलं. गाडी काय करायची, त्यापेक्षा एक बैलजोडी आली असती. आणि पुढच्या महाशिवरात्रीला तीच पुढच्या सीटवर बसून नागऱ्याच्या महादेवाला निघाली, तेव्हा वाटेतल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला खिडकीतून हाक मारत गेली. चैनलालला दर शंभर पावलांवर गाडी हळू करावी लागली. पुढं पुढं ती गाडी जमुनाचीच झाली. सीटवर तिनं सुती दुपट्टा अंथरला आणि त्यावर दुसऱ्या कोणी बसलेलं तिला चालत नसे.

अशा बोलक्या बाईच्या घरात सून आली योगेश्वरी. माहेर बालाघाटकडचं, डी.एड. झालेली, हसरी पोरगी. मुलगा लोकेंद्र रेल्वेत, बिलासपूरला मालगाडीवर. ड्युटीचा ठिकाणा नाही आणि राहायला चार जणांत एक खोली, म्हणून सून गावातच राहिली.

आता पोवारांच्या जुन्या घरांतली रीत अशी की सून सासऱ्याशी बोलत नाही. समोरून जाताना पदर पुढं ओढते. सासराही अंगणातून घरात शिरताना खाकरतो, म्हणजे आतल्या माणसाला सावरायला वेळ मिळतो. यात राग नसतो, जाच नसतो. योगेश्वरीला ही रीत कोणी दम देऊन शिकवली नव्हती. तिनं आपल्या आईला तसंच वागताना पाहिलं होतं आणि चैनलालनं आपल्या आईला. नको म्हणायला कोणी तोंड उघडलं नाही, म्हणून रीत चालत राहिली, इतकंच.

आणि जमुना असेपर्यंत कोणाचं काही अडलंही नाही. जमुना म्हणजे त्या घरचं टेलिफोन ऑफिस. जेवायला बसलं की योगेश्वरी चुलीपाशी हळूच म्हणायची, "आत्याबाई, मामाजीले विचारा, भात वाढू का म्हणून." मामाजी तिथंच, हाताच्या अंतरावर पाटावर. शब्दन् शब्द कानात पडलेला. तरी जमुना मान वळवून म्हणायची, "भात वाढू का, म्हणते."

"नोको म्हन."

"नोको म्हणतेत."

असा सगळा संसार चालायचा. निरोप देता देता जमुना त्यात आपल्या पदरचा मीठमसाला घालायची आणि दोघांनाही ते आवडायचं. "तुह्या हातची भाजी आवडली म्हणतेत," असं ती सुनेला सांगायची. चैनलाल तसं काही बोललेला नसायचा. पण भाजी त्याला आवडलेली असायची, हे खरं.

दोन हजार नऊच्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि पाच-सहा दिवसांत जमुना गेली. गोंदियाच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं, ती मारुतीची शेवटची फेरी. त्यानंतर गाडी गोठ्याजवळच्या छपरीत उभी राहिली ती राहिलीच.

तेरवी झाली, पाहुणे गेले, लोकेंद्र ड्युटीवर गेला, आणि घरात दोन माणसं उरली. बोलायची सोय नसलेली दोन माणसं. पहिले काही दिवस तर घरात नुसते भांड्यांचे आवाज. मग हळूहळू गाईचा उपयोग सुरू झाला. चैनलाल गोठ्यात जाऊन तांबड्या गाईला म्हणायचा, "आज आमगावले जाऊन येतो. संध्याकाळ होईन." गाय रवंथ करत राहायची, पण स्वयंपाकघरातल्या बांगड्या थांबून ऐकायच्या. योगेश्वरी मांजरीला सांगायची, "जेवण झाकून ठेवलं आहे वो, मी शाळेत जाऊन राहिली." पडवीत बसलेला चैनलाल मांजरीकडे पाहून मान हलवायचा.

हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण गाईला फार थोड्या गोष्टी सांगता येतात. धान कधी कापायचा, हे सांगता येतं. जमुनाची आठवण येऊन घास उतरत नाही, हे गाईला कसं सांगणार? आणि त्या पोरीलाही सांगायचं असेल काही. तीही सासूमागं रडली होती, आईमागं रडावं तशी. चैनलालनं ते मधल्या भिंतीआडून ऐकलं होतं आणि उठून तिच्याजवळ जाता येत नाही म्हणून अंगणात जाऊन बसला होता.

योगेश्वरीला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, जमुना असतानाच, देवरीजवळच्या एका आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. घरात शब्द न काढणारी ही सून शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घेताना एवढ्या जोरात बोलायची की शेजारच्या वर्गाचे मास्तर दार लावून घेत. जाणंयेणं बसनं. फाट्यापर्यंत पायी, पुढं घाटातून बस, देवरीहून पुन्हा टमटम. परतीची बस कधी भरून यायची, कधी यायचीच नाही, आणि अंधार पडायच्या आत पोरगी घरी येईल की नाही, हा चैनलालच्या जिवाला रोजचा घोर. तो फाट्यावर जाऊन उभा राहायचा. ती बसमधून उतरली की पुढं चालू लागायचा आणि ती वीस-पंचवीस पावलं मागून यायची. बोलणं नाही.

मग दिवाळीच्या तोंडावर लोकेंद्रचा फोन आला.

"बाबा, योगेश्वरीले शाळेजवळ खोली भेटून राहिली. सुट्टीनंतर तिथंच राहीन म्हणते. येण्याजाण्यात थकून जाते ते."

"बराबर आहे," चैनलाल म्हणाला.

नको ते ऐकायला आलं की चैनलाल नेहमी बराबर आहे असंच म्हणायचा. फोन ठेवला आणि तो बराच वेळ पडवीतल्या खांबाला टेकून बसला. भाकरतुकड्याची त्याला चिंता नव्हती. भात शिजवणं काही मोठं काम नाही, भाजी दुलीचंदकडून आली असती. पण सकाळी आडावर बादली वाजते, चुलीशी कोणी खोकतं, संध्याकाळी देवाजवळ दिवा लागतो. हे गेलं तर त्या घरात फक्त तो आणि घड्याळ उरणार होतं. तिला थांब म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? ती थकते, हे तर तो रोज डोळ्यांनी पाहत होता. आणि थांब हा शब्द गाईमार्फत पोचण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो छपरीत गेला आणि मारुतीवरची ताडपत्री काढली.

त्याचा बेत साधा होता. योगेश्वरीला गाडी येत होती. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात लोकेंद्रनं तिला धानशेताच्या मोकळ्या बांध्यांतून शिकवली होती, लायसन्सही काढून दिलं होतं. गाडी रस्त्यावर आली तर ती सकाळी स्वतः जाईल आणि संध्याकाळी घरी येईल. मग कशाला हवी खोली? बॅटरी चार्ज करून आणली, इंजिन दोन-तीन खेपांत सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. पुढची दोन्ही चाकं धरून बसली होती.

आमगावला स्टेशनच्या बाजूला छोटेलालचं गॅरेज. चैनलाल पोचला तेव्हा छोटेलाल शटर ओढायच्या तयारीत होता. दिवाळीला गावाकडं, लांजीकडं निघाला होता. त्यानं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं.

"काका, पूरी बरसात खड़ी रखोगे तो कॅलिपर का पिस्टन जमेगाच ना. दिवाली के बाद टोचन करके ले आओ, बना देंगे."

"दिवाळीच्या बाद नाही जमत."

"ऐसी क्या जल्दी है?"

जल्दी काय आहे हे चैनलाल घरात सांगू शकत नव्हता, तर बाजारात काय सांगणार. छोटेलालनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, शटर परत वर केलं आणि आतून रबरांचं किट अन् ब्रेक ऑइलची बाटली काढून दिली. मग शेल्फमधला एक जुना कॅलिपर हातात घेऊन त्याला समजावलं. हा लोखंडी चिमटा. यात हा पिस्टन. पेडल दाबलं की तेलाच्या जोरानं पिस्टन पुढं येतो आणि चाकाची चकती धरतो. पेडल सोडलं की आतली ही रबराची रिंग त्याला मागं खेचते. रिंग खराब तर पकड सुटत नाही.

"और काका, रबर को सिर्फ ब्रेक ऑइल लगाना. ग्रीस नहीं, मिट्टी का तेल नहीं, कुछ भी नहीं. सुन लिया?"

"हव," चैनलाल म्हणाला. ऐकलं त्यानं नक्कीच.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. जमुनाला जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं कढई चढली नाही, अंगणात पणत्या लागल्या नाहीत. आणि गावात हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी ऐन भरात. ज्याच्या त्याच्या बांधीत विळे चाललेले, आणि चैनलाल पटले घरी मोटारगाडीखाली. दुलीचंद भिंतीवरून डोकावून म्हणाला, "चैनलालभाऊ, धान सोडून हे काय काढलं? ह्या गाडीत का पुंजणे भरून आणता?" चैनलालनं नुसता पाना मागितला. पंपाची गोष्ट आठवून दुलीचंदनं तो जरा विचार करून दिला.

उजव्या चाकापासून सुरुवात झाली. जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे रचले, चाक काढलं. बोल्ट गंजलेले, ते सोडवण्यातच सकाळ गेली. कॅलिपर उतरवून त्यानं पडवीत पोत्यावर ठेवला आणि तेलाच्या भोकातून ट्रॅक्टरच्या टायरच्या पंपानं हवा मारली. पिस्टन बाहेर यायचं नाव घेईना. कपडा कोंबून पुन्हा मारली, तेव्हा एकदम फट्ट करून तो कपड्यात येऊन पडला आणि छपरावरची कबुतरं उडाली. पिस्टनच्या काठावर गंजाचे डाग होते. ते त्यानं बारीक रेगमाल कागदानं इतक्या हळू घासले की पाहणाऱ्याला वाटावं, लेकराची पाठ चोळून राहिला आहे. जुनी रिंग काढून खाच पुसली, नवीन रिंगला ब्रेक ऑइलचं बोट लावून ती बसवली, आणि पिस्टन अंगठ्यानं सरळ दाबला तसा तो सुळकन आत गेला. चैनलाल एकटाच हसला.

दुसऱ्या दिवशी डावं चाक. आणि इथं चैनलालनं घोळ केला.

बाटलीतलं ब्रेक ऑइल अर्ध्यावर आलं होतं आणि पुढं पाइपातली हवा काढायला तेच लागणार होतं. शिवाय ते तेल त्याला मनापासून पटलंच नव्हतं. पाण्यासारखं पातळ, बोटाला लागलं की कोरडं. याच्या भरवशावर पोरीला घाटातून पाठवायचं? घरात टोरीचं तेल होतं, मोहाच्या बियांचं. त्या मुलखात ते कशाला लावत नाहीत ते विचारा. बंडीच्या आसाला लावतात, बैलाच्या कातडी पट्ट्याला लावतात, भेगाळलेल्या टाचांना लावतात. जमुनाच्या हातचं गाळलेलं डबाभर तेल अजून शिंक्यावर होतं. चैनलालच्या बापानं, आज्यानं, जे काही नरम राहावं असं वाटलं त्याला आयुष्यभर हेच तेल चोळलं होतं. छोटेलालनं ग्रीस नको म्हटलं, मिट्टीचं तेल नको म्हटलं, टोरीचं नाव कुठं घेतलं होतं? चैनलालनं रिंग त्या तेलात चांगली बुडवली, पिस्टनलाही चोळलं. उजव्यापेक्षा डावं काम सरस झालं, असं त्याला वाटलं. माया करावी आणि तिथंच चुकावं, असं होतं माणसाचं कधीकधी.

राहिली खोलताना पाइपात शिरलेली हवा काढायची. हे काम एकट्याचं नव्हे. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निप्पल ढिलं करून हवा अन् तेल बाहेर येऊ द्यायचं, निप्पल कसायचं, मगच पहिल्यानं पेडल सोडायचं. आधी सोडलं की गेलेली हवा परत आत. चैनलालनं सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पाहिली, काठी निसटली. वीट ठेवून पाहिली. मग धावत आत, धावत बाहेर असं करून पाहिलं आणि घामाघूम होऊन चाकाशी बसला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं. थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या, गाडीचं दार उघडलं आणि लागलं. पदर नाकापर्यंत ओढून योगेश्वरी ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती.

चैनलालनं घसा साफ केला आणि चाकाला सांगितलं, "दाबून धरायचं. मी पत्र्यावर टकटक केलं का सोडायचं."

आता तिनं दाबलं, हे याला कळावं कसं? ती बोलणार नाही. मांजर जवळ नाही. तेवढ्यात हॉर्न वाजला. पोरीनं डोकं चालवलं होतं. चैनलालनं निप्पल ढिलं केलं, नळीतून बुडबुडे आले, कसलं, टकटक केलं. पुन्हा हॉर्न, पुन्हा बुडबुडे. तासभर असं चाललं. अर्धं गाव कापणी थांबवून कान देऊ लागलं. दुलीचंद पुन्हा भिंतीवर उगवला.

"भाऊ, बरात आली का काय?"

पदराच्या आतून बारीक हसू ऐकू आलं. चैनलालनं मान खाली घातली, पण त्यालाही हसू आलंच. श्रावणापासून त्या घरात दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीला हसली, ती पहिलीच वेळ.

दोन दिवसांनी चाचणी घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे चैनलालनं गाईला सांगितलं. सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते. सकाळी योगेश्वरीनं गाडी काढली. तो मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, अंग चोरून बसला. पुढची जमुनाची जागा रिकामी, दुपट्टा तसाच. गाडी गावाबाहेर बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, रस्त्याला लागली. दोन्हीकडं कापलेला धान पसरलेला. ती सावकाश चालवत होती, मधूनमधून ब्रेक लावून पाहत होती. ब्रेक लागत होते. चैनलाल सीटवर जरा ऐसपैस बसला.

मग गाडी डावीकडं सरकायला लागली. तिनं स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. पुन्हा डावीकडं. चैनलाल खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "स्टेअरिंग सरळ धरावं." तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. इंजिन घरघरू लागलं, गाडी रेटल्यासारखी चालली. "सवय नाही आता. होऊन जाईन," चैनलाल खिडकीला म्हणाला. त्याला ते तसंच हवं होतं. सवय नसणं दोन दिवसांत दुरुस्त होतं.

योगेश्वरीनं बोडीच्या पाळीजवळ गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. हॉर्नवर तिचा हात गेला आणि तिथंच राहिला. पेडल दाबलं, हे हॉर्ननं सांगता येत होतं. हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

"मामाजी," ती म्हणाली, "गाडी डावीकडं ओढून राहिली."

चैनलाल हलला नाही. तो आवाज त्यानं भिंतीआडून, चुलीमागून किती वेळा ऐकला होता. पण आपल्याला उद्देशून, आपलं नातं लावून आलेला तो आवाज त्याच्यासाठी नवा होता.

"मले गाडी येते," ती पुढं म्हणाली. आवाज शाळेतल्या बाईंचा होता. "माह्यामुळं नाही. सोडलं तरी ब्रेक सुटून नाही राहिला. घाटात अशी नाही नेता येणार."

चैनलाल उतरला आणि डाव्या चाकाजवळ उकिडवा बसला. जळका वास येत होता. चाकाला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. उजवं चाक थंड होतं. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो तिथंच मातीत बसला.

"टोरीचं तेल लावलं म्या," तो म्हणाला. चाकाला नाही, गाईला नाही. मान वर करून तिला म्हणाला.

गाडी थंड होऊ दिली आणि दोघं हळूहळू घरी आली. दुपारी त्यानं डावं चाक पुन्हा खोललं. योगेश्वरी बादली पालथी घालून समोर बसली, पाना धरायला, कपडा द्यायला. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. रिंग बाहेर आली ती टोरीचं तेल पिऊन भिजवलेल्या चण्यासारखी फुगलेली. त्या रिंगनंच पिस्टनला आवळून धरलं होतं.

"छोटेलालनं बजावलं होतं," चैनलाल म्हणाला. "उद्या गोंदियाले जाऊन दुसरं किट आणतो. पाइपातलं तेलही बदलवा लागीन. दोन-तीन दिवस जाईन." मग हातातल्या रिंगकडं पाहत त्यानं जे इतके दिवस गिळलं होतं ते काढलं. "घाई केली म्या. तुह्या सुट्टीच्या आत गाडी झाली पायजे होती. गाडी झाली असती तं तू खोली नसती घेतली."

"कोणती खोली?"

"शाळेजवळची. लोकेंद्रनं सांगितलं होतं."

योगेश्वरी त्याच्याकडं पाहतच राहिली. "ते तं मी कव्हाच नाही म्हणून सांगून देलं, मामाजी. शाळेले सुट्टी लागली त्याच दिवशी."

चैनलालच्या हातातला कपडा खाली पडला. "गाडीसाठी?"

"गाडीचं तं मले मालूमच नव्हतं. मले वाटलं, आत्याबाईची गाडी आहे म्हणून तुम्ही बनवून राहिले." ती पान्यावरचं तेल पुसू लागली. "तुम्ही रोज फाट्यावर येऊन उभे राहता. खोली घेतली तं तिथं कोण येईन? अन् इथं तुम्हाले कोण आहे? ह्या घरातून मले नाही जायचं. बसनंच जाईन, जशी जात होती."

चैनलालनं तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते आणि हात काळे होते, पुसायची सोय नव्हती. इतके दिवस तो रोज सकाळी उठून हेच भय घेऊन चाकाशी बसत होता, आणि ते भय कधीचंच संपलेलं होतं. त्याच घरात, मधल्या एका भिंतीपलीकडं.

"मग सांगितलं काऊन नाही?" त्याचा आवाज चिडल्यासारखा निघाला.

"तुमच्या पोराले सांगितलं होतं फोनवर. बाबाले सांगतो म्हणले. विसरले असतीन." योगेश्वरीनं पाना खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "इथं घरात कोणाच्या हातून सांगू, मामाजी? आत्याबाई कुठं आहेत?"

कॅलिपर चैनलालनं पोत्यावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"आतापासून मलेच सांगत जा, बाई," तो शेवटी म्हणाला. "जे असीन ते मलेच सांग."

"हो," योगेश्वरी म्हणाली, आणि लगेच सांगितलं की धान उद्या कापायला लावा, दाणे झडून राहिले.